बाराशे रुपयांचा मूर्खपणा

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली, आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचीही लक्षणं सांगितली. आमच्या मामांच्या गावाने त्यात आपलं एक लक्षण घातलं आहे. अडकलेले पैसे परत मिळाल्यावरही जो गप्प बसत नाही, तो मूर्ख. हे लक्षण गावाने मामांवरूनच ठरवलं. मामा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले, चार एकरांचे शेतकरी. मला त्यांच्या या मूर्खपणाची स्तुती करायची आहे. शब्द मी गावाचाच ठेवतो. स्तुती मनापासूनची आहे.

झालं ते असं. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि मामा सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी आणायला तालुक्याच्या गावी गेले. कृषी सेवा केंद्रात गर्दी होती. पिशवीचे ३,२०० रुपये मामांनी फोनवरून पाठवले. खात्यातून रक्कम गेल्याचा मेसेज आला. पण काउंटरवरचा तो छोटा स्पीकर, पैसे आले की मोठ्याने सांगणारा, काही बोलला नाही. दुकानदाराने आपलं खातं उघडून पाहिलं. तिथेही काही नव्हतं.

"मामा, तुमचे गेले असतील, पण माझ्याकडं आले न्हाईत."

दोघंही खरं बोलत होते. मागे रांग खोळंबली होती. पिशवी काउंटरच्या अलीकडे यायची ती पलीकडेच राहिली. मामांनी एका सोयऱ्याकडून ३,२०० रुपये रोख उसने घेतले, पिशवी उचलली आणि पेरणी गाठली.

रोखीच्या व्यवहारात असं होत नसे. नोट एक तर याच्या मुठीत असायची, नाहीतर त्याच्या गल्ल्यात. एकाकडून निघालेली आणि दुसऱ्याकडे न पोचलेली नोट रस्त्यात पडलेली तरी सापडायची. फोनवरच्या पैशाला मात्र तिसरी जागा असते. ती कुणाची, तिथे कुणाला विचारायचं, हे दुकानावर कुठेही लिहिलेलं नसतं. ॲपवाल्यांनी बँकेकडे बोट दाखवलं, बँकेने ॲपकडे. मामा सतरा दिवस या दोन बोटांच्या मध्ये उभे होते. अठरा उजाडायच्या आत, सतराव्या दिवशी संध्याकाळी, ३,२०० रुपये खात्यात वापस आले.

गाव म्हणालं, "सुटलात मामा." मामांनी वही उघडली.

ही वही मी हातात घेऊन पाहिली आहे. शाळेची असते तशी शंभर पानी, कव्हरवर खताच्या कंपनीचं स्टिकर. आत रेघा मारून रकाने केलेले. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात कोण बोललं, चौथ्यात तो काय म्हणाला, पाचव्यात तक्रार क्रमांक. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक पहिल्या पानावर ठळक लिहून त्याभोवती चौकट केलेली. रेंज यावी म्हणून मामा शेताच्या बांधावरच्या लिंबाखाली उभे राहून फोन लावत. एका नोंदीत 'एकेचाळीस मिनिटं गाणं' एवढंच लिहिलेलं आहे. फोन उचलणाऱ्या पोरीला ते म्हणत, "बाई, तुझी चूक न्हाई, मला ठाऊक आहे. पण माझी तक्रार लिहून घे अन् नंबर सांग." आवाज कधी चढवला नाही. आवाज चढला की आकडा लिहायचा राहतो, असं त्यांचं म्हणणं.

वहीच्या सतराव्या दिवसाखाली मामांनी एक वजाबाकी केली होती. सतरातून पाच गेले, राहिले बारा. बारा गुणिले शंभर, बाराशे.

ही वजाबाकी रिझर्व्ह बँकेच्या नियमातली आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अडकलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयवरून दुकानदाराला पाठवलेले पैसे आपल्या खात्यातून गेले आणि त्याला पोचल्याचं निश्चित झालं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. तसे आले नाहीत तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर मुदत फक्त एका दिवसाची. आणि त्याच परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची किंवा मागणीची वाट न पाहता, आपणहून जमा करायची. हा नियम बोलता बोलता मीच मामांना सांगितला होता. मी सांगून विसरलो होतो. त्यांनी तो वहीत उतरवला होता.

म्हणजे मामा कुणाकडे दान मागत नव्हते. न मागता मिळायला हवे होते ते बाराशे रुपये ते मागत होते. तरी गावाने त्यांना मूर्ख ठरवलं. का, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण गाव काही दुष्ट नाही. गाव शहाणं आहे.

शहाण्यांचा हिशेब असा. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, झेरॉक्स, स्पीड पोस्ट, बुडालेला रोज. "मामा, कामून जिवाला लावून घेता? मुद्दल आलं ना वापस? एवढ्या मोठ्या कंपनीच्या नादी कोण लागतं?" एका माणसापुरता हा हिशेब बिनचूक आहे. आणि तो बिनचूक आहे म्हणूनच कंपन्यांचं फावतं. शंभर, दोनशे, बाराशे रुपयांसाठी कुणी चार महिने घालवणार नाही, हे आपल्याला जितकं कळतं तितकंच समोरच्यालाही कळतं. आपण 'जाऊ द्या' म्हणतो तेव्हा सोडलेली रक्कम लहान असते. असंच म्हणणारे लाखो असतात, तेव्हा तिकडे जमा होणारी रक्कम लहान राहत नाही. आपलं शहाणपण त्यांच्या खतावणीत आधीच जमेच्या बाजूला धरलेलं असतं.

मोबाइलच्या रिचार्जचं उदाहरण घ्या. महिन्याचा म्हणून जो रिचार्ज आपण वर्षानुवर्षं मारला, तो २८ दिवसांचा होता. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४. बारा महिन्यांच्या वर्षात आपण तेरा महिन्यांचे पैसे भरले. हे सगळ्यांना दिसत होतं, कॅलेंडर प्रत्येक घरात भिंतीला आहे. शहाणे म्हणाले, दोन दिवसांनी काय होतंय. काही लोकांनी मात्र दिवस मोजले आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, तक्रारी केल्या. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना इंटरनेट नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवण्याची सक्ती झाली. आमच्या आजीसारख्या, साध्या बटणाच्या फोनवर लेकीशी बोलणाऱ्या माणसांना ती गरज कधीची होती. बोटांवर दिवस मोजणाऱ्या त्या लोकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तीस दिवसांचा रिचार्ज मात्र आपण मारतो.

मूर्खाच्या अपेक्षा किती आहेत, तेही पाहू. मामांच्या तीन होत्या. सांगितलं ते व्हावं. झालं नाही तर कुणा माणसाशी बोलता यावं. आणि चूक ज्याची, भुर्दंड त्याचा. यात हावरटपणा कुठे आहे? मोंढ्यात हळद विकताना आपण हेच मागतो. हिंगोलीच्या आणि वसमतच्या बाजारात दुरून दुरून हळद येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे माल काट्यावर चढला की शेतकरी काट्याजवळ उभा राहतो. आडत्याशी त्याचा तीन पिढ्यांचा घरोबा असेल, तरी उभा राहतो. किलोभर जास्तीचा कडता धरला तर बोलतो. त्याला कुणी मूर्ख म्हणत नाही. तिथे बेसावध राहणाऱ्याला म्हणतात.

फोनमध्येही काटा आहे, फरक इतकाच की तो दिसत नाही. दीड जीबी संपला हे कंपनीच सांगते, पैसे गेले हे बँकच सांगते, 'तुमची तक्रार सोडवली आहे' हेही तेच सांगतात. वजन करणाराही तोच आणि पावती फाडणाराही तोच. अशा बाजारात काट्याजवळ उभं राहायचं तर वहीच लागते. मामांनी मोंढ्यातली सवय फोनला लावली, एवढंच.

हा मूर्खपणा एकट्या मामांचा नाही, त्याला मोठी परंपरा आहे. अहमदाबादच्या अजयकुमार अग्रवाल यांचं मोबाइलचं बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपयांच्या आसपास यायचं. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. मे २०१४ मध्ये ते जिल्हा ग्राहक मंचात गेले. कंपनीचं म्हणणं, हे प्रकरण मंचाने ऐकायचंच नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात अशा वादांसाठी लवादाची तरतूद आहे, तिकडे जा. या म्हणण्याला आधारही होता. टेलिफोनच्या बिलाचे वाद ग्राहक मंचात चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं होतं. म्हणजे देशभरातल्या फोनधारकांसाठी जिल्ह्याच्या गावातलं ते दार लावलेलं होतं, आणि अग्रवाल ते ठोठावत राहिले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया सेल्युलर विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मोबाइल सेवेबद्दलची तक्रार ग्राहक आयोगात करता येते, टेलिग्राफ कायदा आड येत नाही. भांडण सुरू झालं एका महिन्याच्या बिलावरून. दार उघडलं ते कळमनुरीच्या आणि सेनगावच्या माणसालाही.

मथुरेचे वकील तुंगनाथ चतुर्वेदी यांचा मूर्खपणा तर वीस रुपयांचा. २५ डिसेंबर १९९९ ला त्यांनी मुरादाबादची दोन तिकिटं काढली. सत्तर रुपये व्हायचे, रेल्वेच्या खिडकीवर नव्वद घेतले गेले. चतुर्वेदी ग्राहक न्यायालयात गेले. शंभरहून जास्त तारखा झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला: वीस रुपये बारा टक्के व्याजाने परत आणि वर पंधरा हजारांचा दंड. बावीस वर्षं. न्यायाला इतका उशीर लागावा याचं दुःख आहेच, आणि तो दोष आपल्या व्यवस्थेचा आहे. पण त्या उशिरासाठी तारखा मोजत थांबणाऱ्याला हसायचं कारण नाही.

महाराष्ट्राला तर या मूर्खांचं ऋण विसरताच येणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा 'ग्राहकाचं संघटन' हा शब्दच लोकांना नवा होता. रॉकेल आणि साखरेच्या रांगांचा तो काळ. मिळतंय ते घ्या आणि घरी जा, हे त्या काळचं शहाणपण होतं. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो २४ डिसेंबर १९८६ ला, म्हणजे या मंडळींनी वजनं, मापं, किमती मोजायला घेतल्यानंतर बारा वर्षांनी.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी हिंगोलीच्या माणसाने पाठ कराव्यात अशा आहेत. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. वकील लावायची सक्ती नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी नुसती विचारणा करायची तर १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने तर ग्राहकाला फसवून बटण दाबायला लावणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. न सांगता टोपलीत माल सरकवणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, वर्गणी घेताना एक बटण आणि सोडताना दहा, 'दोनच शिल्लक' म्हणून खोटी घाई लावणं. मी ही यादी मामांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "हे सगळं जत्रेत असतंय. पण जत्रा पाच दिवसांनी उठते."

मामांच्या बाराशे रुपयांचं पुढे असं झालं. बँकेला लेखी तक्रार दिली. उत्तर आलं की रक्कम परत मिळाली असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. मामांनी ते पत्र वहीत चिकटवलं. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं ठरलं. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत देशभरातल्या कागदी तक्रारी चंदीगडच्या एका केंद्रात जातात, आणि त्या कुठल्याही भाषेत लिहिलेल्या चालतात. मामांनी मराठीत लिहिलं. दीड पान. वर बारा आकडी क्रमांक, खाली वजाबाकी, सोबत बँकेच्या उत्तराची आणि वहीच्या चार पानांची झेरॉक्स. फी काही नव्हती. पोस्टातल्या बाईंनी पाकिटावरचं 'चंदीगड' वाचून विचारलं, "मामा, पोरगं मिलिटरीत हाय का?" मामा म्हणाले, "न्हाई, हिशेब राह्यलाय."

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो. पोस्टातून निघून आम्ही औंढ्याच्या देवळात गेलो. तिथे नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे: नामदेव महाराजांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागे जा म्हणाले. नामदेव मागे गेले आणि तिथेच कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेवांचं नरसी इथून फार लांब नाही. या मुलखाने देऊळ फिरल्याचं पोटाशी धरून ठेवलं आहे, आणि तोच मुलूख कॉल सेंटर फिरणार नाही म्हणून हात टेकतो, याचं मला वाईट वाटतं. नामदेवांनी भांडण केलं नाही, जागाही सोडली नाही. मामांनी लिंबाखाली वेगळं काय केलं?

परतताना मामांनी दुधाळ्याकडे बोट केलं. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी फरक पडला तरी तो टिपायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पकडली, ती टक्कर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची होती. मी हे मामांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, एवढा बारीक फरक मोजून काय मिळतं? मी म्हणालो, खरं काय झालं ते कळतं. मामांनी मान हलवली. त्यांना ते पटायला अवघड नव्हतं. ज्या तालुक्यात इतकं सूक्ष्म मोजायला देश एवढे पैसे घालतो आहे, तिथे बारा दिवस मोजणारा माणूस वेडा कसा?

दिवाळीच्या आठवडाभर आधी मामांच्या फोनवर मेसेज आला. १,२०० रुपये जमा. मामांनी वहीत तारीख टाकली, रक्कम लिहिली आणि खाली आडवी रेघ मारली. गावात कुणाला सांगितलं नाही. पण बँकेत कुणी तरी पाहिलं असेल, बातमी फिरली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी संध्याकाळी मी मामांकडेच होतो. बाहेर मोटारसायकल थांबली. तालुक्याच्या गावचा तो कृषी सेवा केंद्रवाला आला होता, पेरणीच्या दिवशी 'जाऊ द्या मामा, येतील वापस' म्हणणारा. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला. मग खिशातून फोन काढून हळूच म्हणाला, "मामा, एका कंपनीला मालाचे साडेअकरा हजार पाठवले होते. माझे गेलेत, त्येंना पोचले न्हाईत. आज नववा दिवस हाय."

मामांनी कोनाड्यातली वही काढली, नवं पान उघडलं, पट्टीने रकाने मारले आणि पेनाचं टोपण काढत विचारलं, "तारीख कोन्ती?"